वितीच्या आत फ्यूज

"पक्कड राहिली की अजून. दे इकडं," छबू म्हणाली, आणि मी रॉकेलनं पुसलेली पक्कड तिच्या हातात दिली.

खंडेनवमीची सकाळ होती. विट्याच्या एसटी स्टँडमागं आमचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान, आणि दुकानाला लागूनच मागं घर. आम्ही पांचाळ. नवमीला घरातलं यच्चयावत हत्यार धुऊनपुसून पाटावर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, झेंडू घालायचा, आणि दसऱ्याला पूजा उतरेपर्यंत त्यातल्या कशालाही बोट लावायचं नाही. अण्णांचा, म्हणजे माझ्या वडलांचा, हा नियम फार कडक. आई असताना तिनं एकदा नवमीला पाटावरची कात्री उचलली, तर हे दसऱ्याला उपाशी राहिले होते. त्यांच्या लेखी नुसती हत्यारंच नाही, ड्रॉवरातले फ्यूज, बल्ब, रबरी बुश हेसुद्धा पोटाला घालणारे देव. तेही पाटावर.

मांडायचं काम माझ्या धाकट्या बहिणीचं, छबूचं. लग्नाआधी तिचंच होतं, आणि त्या वर्षी परत तिच्याकडं आलं होतं, कारण पाच महिने झाले ती माहेरी येऊन बसली होती. सासूशी कसल्याशा कारणानं वाजलं आणि ही तरातरा निघून आली. तिकडनं कोणी न्यायला येईना, आणि अण्णा काही आपणहून पोचवायला जाईनात. "बोलावणं आल्याशिवाय माझी पोरगी जाणार नाय" म्हणायचे, आणि रोज संध्याकाळी स्टँडवरच्या जिपांकडं बघत बसायचे.

मला तिचं ओझं झालं होतं. खोटं कशाला सांगू. कराडची एक मुलगी मला बघून झाली होती, पसंत पडली होती, पण तिचे मामा मोठे व्यवहारी. म्हणाले, "बहीण नांदायला जाऊ द्या, मग पुढचं बोलू." मी सव्वीस वर्षांचा होतो. छबू ताट वाढायला आली की मला त्या मामांचं वाक्य आठवायचं आणि घास फिरायचा. तिला हे कळत नसेल असं मी धरून चाललो होतो.

तर त्या नवमीला, अकराच्या सुमाराला, दारात जिपेचा हॉर्न वाजला.

जालिंदर. छबूचा नवरा. जीप त्याचीच, माळेवाडी ते विटा वडाप, म्हणजे भाड्यानं माणसांची ने-आण, करायचा. वीस वर्षांची जीप, पत्रा ठिकठिकाणी कुजलेला, पण माणसं कोंबायला मजबूत. आज धुऊन आणली होती. तो खाली उतरला तो हातात एक भलं थोरलं खोकं घेऊन.

अण्णा उठून उभे राहिले. "या या जावईबापू. दिगू, पाणी आण."

"पाणी राहू द्या मामा. आधी हे बघा." त्यानं खोकं उघडलं. आत नवा कोरा अ‍ॅम्प्लिफायर, आणि मागच्या सीटवर छातीएवढा स्पीकरचा डबा. "कोल्हापुरातनं आणला. मिस्त्रीचा जावई असून जिपेत गाणं नाय म्हणून स्टँडवर हसत्यात मला. कालिजातली पोरं गाणं असंल त्याच जिपेत बसत्यात. तेवढा बसवून द्या, म्हणजे तुमच्या पोरीला वाजत वाजत नेतो. उद्या दसरा हाय. आई म्हणाली, सोनं लुटायला सूनबाई घरात पायजे."

आतल्या दाराआड बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. अण्णांचा चेहरा असा उजळला की मला त्यांच्याकडं बघवेना. आणि लगेच तो पडला, कारण त्यांची नजर पाटाकडं गेली.

"आज हत्याराला हात नाय लावायचा, जावईबापू," ते म्हणाले. "पूजा मांडलीय. परवा या. मी स्वतः समोर बसून करून घेतो."

"परवा?" जालिंदरनं खोक्याचं झाकण लावलं. आवाज काही चढवला नाही त्यानं. "बरं. मग परवाच येतो की. नेतो बी परवाच. नायतर बघू दिवाळीला."

तो वळला. आता गेला की गेला, हे आम्हा तिघांनाही कळलं. अण्णांच्या हातांना कंप होता, वायरिंगचं काम आता मीच करायचो.

"आपली हत्यारं नकोत की वापरायला," मी म्हणालो. "दाजींच्या गाडीत पाना असंल."

"हाय ना, दहाचा पाना हाय. स्क्रू ड्रायव्हर हाय," जालिंदर म्हणाला. "आमची गाडीची पूजा उद्या."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. "आणि फ्यूज?"

"पेठेतनं आणतो."

"वितीच्या आत."

"म्हाईत हाय, अण्णा."

ही त्यांची शिकवण. बॅटरीपासून अ‍ॅम्प्लिफायरला जाड वायर न्यायची तर बॅटरीच्या टोकापासून एक वीत अंतराच्या आत फ्यूज पाहिजे. कारण फ्यूजच्या अलीकडं वायर कुठं पत्र्याला टेकली तर तिला थांबवणारं कोणी नसतं. "फ्यूज म्हणजे घरातला शहाणा माणूस," ते म्हणायचे. "वेळ आली की आपण जळतो आणि घर वाचवतो." दुसरं, पत्र्यातल्या भोकातून वायर नेताना भोकाला रबरी बुश घालायचा. जुन्या गाड्यांचे बुश वाळून कधीच गळून पडलेले असतात आणि कडा सुरीसारखी झालेली असते. हे मला, आणि माझ्या आधी छबूला, त्यांनी पाठ करायला लावलं होतं. आई गेल्यावर ती शाळेतून आली की दुकानातच बसायची. माझ्यापेक्षा हुशार होती ती या कामात, पण पोरीची जात म्हणून तिला पाट मांडायला ठेवलं आणि मला गादीवर बसवलं.

मी सायकल काढून पेठेत गेलो. स्पेअर पार्टचं एकच दुकान, तेही अर्ध्या शटरवर. आत मालक सोवळं नेसून पूजेला बसलेला. "उद्या दुपारनंतर या," एवढंच म्हणाला. मी तसाच परत आलो.

आता फ्यूज एकाच ठिकाणी होता. आमच्या पाटावर. अण्णा पाटासमोर डोळे मिटून जप करत बसले होते. पाच पावलं जायचं, आणि म्हणायचं, "अण्णा, फ्यूज मिळाला नाही, पाटावरचा एक घेऊ का?" मागितला असता तर त्यांनी दिला असता का? मला आजही वाटतं, दिला असता. वर्षभर स्वतःला शिव्या देत बसले असते, पण पोरीच्या जिवापुढं दिला असता. पण दिला नसता तर काम राहिलं असतं, जालिंदर गेला असता, आणि कराडही गेलं असतं. मी विचारलंच नाही.

पक्कड नाही, म्हणून खोक्यातल्या वायरचं टोक दातांनी सोललं. टोकाला दाबायचं थिंबल नव्हतं, म्हणून तांब्याच्या तारा बोटांनी पिळून बॅटरीच्या बोल्टाला गुंडाळल्या आणि जालिंदरच्या पान्यानं नट आवळला. वायर इंजिनाच्या बाजूनं आत न्यायला एक जुनं भोक होतं, त्याचा बुश गेलेला. तिथं चिकटपट्टीचे चार वेढे मारले. अर्थिंगच्या जागेवरचा रंग तेवढा स्क्रू ड्रायव्हरनं छान खरवडला. ते मात्र मन लावून केलं, काय म्हणावं याला. मनाला सांगत होतो, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. परवा बोलावून सगळं नीट करू.

बॉनेट पाडलं आणि मागं वळलो तर छबू उभी. हातात पिशवी, अंगावर दिवाळीची ठेवणीतली साडी. जालिंदर आत अण्णांच्या पाया पडत होता.

"फ्यूज घातलास, दादा?"

"घातला."

ती बॉनेटकडं बघत राहिली. मग माझ्याकडं.

"वितीच्या आत?"

"वितीच्या आत."

"बरं," ती म्हणाली, आणि जाऊन पुढच्या सीटवर बसली.

गाणं असं दणकलं की स्टँडवरचे लोक उठून बघायला लागले. अण्णा रडत होते. जीप वळणाआड गेल्यावरसुद्धा गाणं ऐकू येत होतं, आणि मला इतकं हलकं वाटलं की मी शेजारच्या हॉटेलात जाऊन दोन प्लेट भजी खाल्ली. निघताना जालिंदरला बाजूला घेऊन मी सांगितलं होतं, "दाजी, परवा एक चक्कर मारा. एक वायर जरा नीट बसवायचीय." कोणती वायर, का, ते काही सांगितलं नाही. त्याचं गाणं वाजत होतं. तो कशाला येतोय.

मी जायला पाहिजे होतं. सोळा मैल तर माळेवाडी. तिसऱ्या दिवशी निघणारही होतो, खिशात फ्यूज आणि बुश टाकले होते. तेवढ्यात कराडहून मामा आले. बहीण गेली हे त्यांच्या कानावर गेलं होतं. सुपारी फुटली. मग कपडे, मग मानपान, मग आज नको, उद्या.

आठव्या दिवशी ती जीप पेटली.

बाजाराचा दिवस होता. जीप भरलेली, अकरा माणसं. छबू पुढं बसलेली. खड्ड्यात गाडी आदळली आणि डॅशबोर्डाखालनं धूर आला. भोकाच्या कडेनं चिकटपट्टी कापली, मग वायरीवरचं प्लॅस्टिक कापलं, आणि बॅटरीतली सगळी ताकद पत्र्यात जायला लागली. अडवायला मधे काही नव्हतंच. जालिंदरनं चावी काढली. चावीचा त्या वायरशी काय संबंध? ती थेट बॅटरीवरून गेलेली. तो उडी मारून पळाला, "उतरा, उतरा" म्हणत. मागच्या दाराची कडी अडकली होती, आत म्हातारी माणसं, पोरं. छबूनं बॉनेट उघडलं. तिला ठाऊक होतं कुठं हात घालायचा. ती वायर लालभडक झाली होती, तिच्यावरचं प्लॅस्टिक वितळून गळत होतं. तिनं ती दोन्ही मुठींत धरली आणि बॅटरीवरून ओढून काढली. मी थिंबल न लावता नुसती पिळून बसवलेली, म्हणून निघाली तरी. धूर थांबला. अकराच्या अकरा माणसं चालत खाली उतरली.

तिचे हात मात्र वायरीला चिकटून आले.

दोन महिने ती सांगलीला सरकारी दवाखान्यात होती. पट्ट्या सुटल्या तेव्हा दहाही बोटं आत वळलेली, पक्ष्याच्या पंजासारखी. उघडत नव्हती. डॉक्टर म्हणाले, एवढंच होईल. तिला आम्ही घरी आणलं.

अण्णांनी मला त्या दिवसांत काहीच विचारलं नाही. त्यांना शंका आलीच नाही. भेटेल त्याला सांगत सुटले, "माझ्या पोराचं काम हाय ते. फ्यूज असताना वायर पेटंल कशी? त्या जालिंदरनंच काढून फेकला असंल." आणि लोकांना काय, तेवढं पुरतं. नवरा-बायकोचं आधीच वाजलेलं होतं. महिन्याभरात माळेवाडीपर्यंत बोलणं गेलं की जालिंदरनं बायको जाळायचा डाव केला होता.

मार्गशीर्षात जालिंदरचे वडील आमच्याकडं बैठकीला आले. तात्या म्हणायचे त्यांना. साधा, अंगठेबहाद्दर माणूस. जालिंदर त्यांच्या मागं खाली मान घालून बसला. पंच म्हणून दोन-चार जण, आणि कराडचे मामाही, कारण वैशाखात माझं लग्न धरलं होतं. छबू आतल्या खोलीत.

तात्यांनी पाण्याचा तांब्यासुद्धा बाजूला ठेवला. म्हणाले, "मिस्त्री, तुमच्या लेकीमुळं अकरा माणसं वाचली. मी तिला घरी न्यायला आलोय. हाताचं मला काय सांगू नका. घरात दोन बाया हायत भाकरी थापायला. ती नुसती बसून खाईल. पर एक करा. चार माणसांत एवढं म्हणा, की कामात चूक झाली. चूक कुणाची बी हुती. माझ्या पोराला गावात खुनी म्हणत्यात, त्याला पानाच्या टपरीवर उभं राहू देत न्हाईत. तेवढा डाग काढा, पोरगी आत्ता, याच पावली नेतो."

अण्णा माझ्याकडं वळले. मोठ्या ताठ्यात वळले.

"दिगू. चार माणसांत सांग. फ्यूज घातला होतास?"

सगळे माझ्याकडं बघत होते. जालिंदरनंही मान वर केली. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, विनवणी होती. मामा सुपारी कातरता कातरता थांबले. चुकलं म्हटलं असतं तर काय झालं असतं? दुकानाची अब्रू गेली असती, कराड गेलं असतं, अण्णांनी कदाचित तोंड बघितलं नसतं. आणि छबू त्याच संध्याकाळी तिच्या घरी गेली असती.

"घातला होता," मी म्हणालो.

तात्या गुडघ्यावर हात टेकून उठले. "मग माझा पोरगा खुनी हाय म्हणायचं. असल्या घरात ती कशी नांदंल?" दाराशी जाऊन आतल्या खोलीकडं तोंड करून म्हणाले, "पोरी, येतो गं." आतून काही आवाज आला नाही.

मामांनी सुपारी कातरायला परत सुरुवात केली.

जालिंदरनं दोन वर्षांनी दुसरं लग्न केलं. माझं त्याच वैशाखात झालं. मंगलाष्टकं चालू असताना छबू मनगटांनी अक्षता उडवत होती, त्या तिच्याच पायाशी पडत होत्या. अण्णा सहा वर्षांनी गेले, शेवटपर्यंत जालिंदरला शिव्या देत. मी त्यांच्या उशाशी बसून ऐकायचो.

छबू इथंच आहे. भाकरी थापता येत नाही, वेणी घालता येत नाही. माझी बायको करते, कुरकुरत करते, पण करते. दिवसभर ती दुकानाच्या पायरीवर बसते. कुठल्या गाडीला अ‍ॅम्प्लिफायर बसवला की ती उठून येते. तिची वीत आता उघडत नाही. म्हणून मला म्हणते, "तुझी लाव." मी बॅटरीच्या टोकाला अंगठा लावतो, बोटं ताणतो, फ्यूज करंगळीच्या अलीकडं आहे हे ती बघते आणि जाऊन बसते. सत्तावीस वर्षं झाली. गिऱ्हाइकं म्हणतात, बहिणीचं भारी लक्ष आहे हो तुमच्या कामावर.

परवाच्या नवमीला पाट तिनंच मांडला. मी एकेक हत्यार पुसून तिच्या दोन मनगटांमध्ये द्यायचो आणि ती अलगद ठेवायची. कुंकू बोटाच्या पेरानं लावायची. सगळं झालं तेव्हा बघितलं, तर पक्कड आणि एक फ्यूज पाटाबाहेर, जमिनीवर ठेवलेला.

"हे राहिलं की," मी म्हणालो.

"राहू दे बाहेर. कुणाला लागलं तर."

"अण्णांनी कधी चालवून घेतलं असतं का असं?"

"अण्णांना काही ठाऊक नव्हतं." ती झेंडूची फुलं सारखी करत होती. "मला होतं. त्या साली फ्यूजांना हळदकुंकू मीच लावलं होतं, दादा. तीन होते. मी पिशवी घेऊन निघताना पाटाच्या पाया पडले, तेव्हाही तीनच होते. आणि पेठ बंद हे तुझ्या तोंडावरच दिसत होतं."

मी म्हणालो, "मग बसलीस कशाला गाडीत?"

"तू माझ्याशी कधी खोटं बोलला नव्हतास. म्हटलं, हा खोटं बोलतोय, तर याला किती नकोशी झाले असेन मी."

तिनं उदबत्ती माझ्यापुढं केली, पेटवायला. काडी ओढणं तिला जमत नाही. माझ्या हातातल्या दोन काड्या विझल्या, तिसरी धरली.

"आणि बैठकीत?" मी विचारलं. विचारायला नको होतं. "आतून का नाही बोललीस? एका शब्दाचं काम होतं."

"दाराला कान लावून उभी होते," ती म्हणाली. "पिशवी भरून ठेवली होती. हातांनी जमेना तर दातांनी बांधली होती. म्हटलं, आता माझा भाऊ बोलेल."

मग तिनं नारळ माझ्याकडं सरकवला आणि म्हणाली, "फोड. ऊन वर आलं."